निळा ठिपका

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला माहीत होतं, पण तेही अर्धंच. मुलाला नाही, सुनेला नाही. देवासमोर बसते तेव्हासुद्धा मी दुसरंच काहीतरी बोलते. तुम्हाला सांगते — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता पोटात ठेवायचा कंटाळा आला, म्हणून. कारण कशाला शोधत बसू? सांगते आहे, एवढं खरं.

रडणार नाही. चौथीपर्यंत शिकले आहे, जसं येतं तसं लिहिते.

नातीपासून सुरुवात करावी लागेल, कारण तिच्या कामामुळे हे वर आलं. तन्वी, माझ्या मुलाची मुलगी. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करते — परळच्या आमच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर. मी खाली बसून बोंबील साफ करते, ती वर बसून मीटिंगमध्ये बोलते. "आजी, वास कॅमेऱ्यातून जात नाही म्हणून माझी नोकरी टिकलीय," म्हणते.

एकदा मी विचारलं, दिवसभर नुसती नावं वाचत असतेस, तुझं काम तरी काय? तिने सांगितलं. प्रोग्रॅम म्हणजे एक वस्तू नव्हे, पुष्कळ तुकडे. वेगवेगळ्या माणसांनी केलेले. ते कसे जोडायचे याची कृती लिहिलेल्या फायली असतात, आणि त्या फायलींची नावं ठेवायचा नियम असतो. आधी कुठल्या टीमची, मग कुठला भाग, मग त्यातलं नेमकं काय. ह्याच क्रमाने. जोडणी करणारं मशीन नाव वाचतं आणि तुकडा जिथल्या तिथे नेतं. ह्या जोडणीला ती बिल्ड म्हणते. बिल्डच्या आधी सगळी नावं नियमात आहेत का हे बघायचं, ते तिच्याकडे. नाव बरोबर असेल तर हिरवी खूण येते, नाहीतर लाल.

"आणि कोणी मनाला येईल तसं नाव ठेवलं तर?"

"तर बिल्ड अडतो आणि सगळे माझ्या नावाने बोंब मारतात."

"आणि नाव नियमात आहे, पण आतला माल दुसऱ्याचाच असला तर?"

तिचा हात थांबला. म्हणाली, ते नाही सापडत. तपासणी फक्त नाव बघते, आत उघडून बघत नाही. मग हसून म्हणाली, "तू कुठून शिकलीस गं हे?"

"सुचलं," म्हटलं. बोंबलाचं डोकं काढून टाकलं आणि पुढचा घेतला.

सुचलं नव्हतं. मी ते केलं होतं.

लालबागला गोदाबायची खानावळ होती. आम्हा कोकणातल्या गिरणीकामगारांची बहुतेकांची बायकापोरं गावाला, पुरुष एकेका गावाच्या खोलीत दाटीने राहायचे आणि जेवायचे अशा खानावळीत. माझा नवरा घरी जेवायचा, कारण मी इथे होते. मी गोदाबायकडे कामाला होते. भाकऱ्या थापायला अनेक बायका होत्या, पण अक्षर ओळखणारी मी एकटीच, म्हणून डब्यांच्या खुणा तपासायचं काम मला दिलं.

डबे नुसते गिरणीत जायचे नाहीत. गोदीत जायचे, रे रोडच्या लाकडाच्या वखारींत जायचे. झाकणावर रंगाने खुणा असायच्या आणि त्यांचा नियम गोदाबायने घालून दिलेला. आधी ठिपका — डबा कुठे जायचा ते. लाल म्हणजे गोदी, पिवळा म्हणजे वखार, निळा म्हणजे गिरणी. मग गावाची खूण. आमच्या गावाचा माड, दुसऱ्या एका गावाची होडी, असं. मग माणसाचं अक्षर. माणसाने काम बदललं की ठिपका बदलायचा, तोही मीच. डबे वाहणारा भिवा अंगठेबहाद्दर होता, तो फक्त रंग बघायचा. पण जेवणाऱ्या माणसांना सगळ्या खुणा पाठ. दुरून झाकण बघून सांगायचे, हा अमक्याचा. खुणा नियमात असल्याशिवाय डबा दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे माझं काम. मी ते चांगलं करत होते. माझ्या हातून डबा चुकला असं कधी झालं नव्हतं — हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. ह्याच्यामुळेच पुढचं झालं.

मग संप झाला.

संपाचं तुम्ही वाचलं असेल. आधी वाटलं, चार दिवसांत मिटेल. मग महिने गेले. काही जण गावाला गेले, काहींनी मिळेल ते काम धरलं. गिरणीचे निळे डबे माळ्यावर जाऊन बसले. फक्त पहारेकऱ्यांचे आणि आगीच्या बंबावरच्या माणसांचे डबे आत जात होते. ते संपात नव्हते आणि गेटावर बसलेले आमचेच लोक त्यांना सोडत होते.

तेवढ्यात बातमी पसरली की मालकाने काहींना आत घेतलंय. आतच राहायचं, आतच झोपायचं. काही जण मागच्या दाराने दिवसापुरते जाऊन येतात, असंही बोललं जात होतं. बरेचसे बाहेरून आणलेले नवे होते. आमच्यातला कोणी गेला असं कळलं तर त्याचं काही खरं नव्हतं.

माझा नवरा गेला. मी पाठवला.

इथे कोणी सांगेल की मूल आजारी होतं, घरात दाणा नव्हता. पुष्कळांच्या घरी तसं होतं. माझ्या घरी नव्हतं. तांदूळ होता. गोदाबायकडे माझं दोन वेळचं सुटत होतं. मला भीती होती — संप मोडल्यावर जे आधी आत गेले त्यांनाच ठेवतील आणि बाकीच्यांना हाकलतील. एवढीच. तो दोन दिवस नाही म्हणाला, मग गेला. शेजारीपाजारी मी सांगितलं की हे माझ्या माहेरी गेलेत, भातशेतीला. माझं माहेर लांब, आमच्या गावाचं तिकडे कोणी जात नाही. सगळ्यांना पटलं.

त्याच्या पोटाची जुनी तक्रार होती. आतल्या कॅन्टीनचं तिखट त्याला सोसेना. एका पहारेकऱ्याच्या हाती निरोप आला — काहीही कर, पण मऊ भात पाठव. पाठवू कसा? त्याच्या नावाचा डबा खानावळीत नव्हताच. नवा करायचा तर गोदाबाय विचारणार, कोणाचा गं हा?

माळ्यावर सखाराम भावजींचा डबा होता.

सखाराम हा आमच्याच गावचा. बायको आणि दोन मुलगे गावाला. गिरणीत माझ्या नवऱ्याच्याच खात्यात, गावकऱ्यांच्या खोलीत राहायचा आणि गोदाबायकडे जेवायचा. दांडगा हसायचा. भाजीत तिखट कमी म्हणून रोज वर ठेचा मागून घ्यायचा आणि गोदाबाय रोज शिव्या घालायची — "मेल्या, आतडी करपतली!" त्याच्या डब्यावर निळा ठिपका, माड आणि स. सगळं नियमात. मी तो खाली काढला, घासला, त्यात मऊ भात आणि तिखट न घातलेली कुळथाची पिठी भरली, आणि पहारेकऱ्यांच्या डब्यांत ठेवून दिला. भिवाने निळा बघितला आणि उचलला. आत त्या पहारेकऱ्याला माहीत होतं की माडाचा डबा कोणाला द्यायचा. डबा परत आला की मी घासून माळ्यावर ठेवत होते.

सोपं होतं. वाईट काम इतकं सोपं असतं ह्याचं मला तेव्हा नवलसुद्धा वाटलं नाही.

पुढे सखारामला रे रोडला वखारीत हमाली मिळाली. रोजची मजुरी, कोणाचं नाव कोणी विचारत नव्हतं. तो माझ्याकडे आला. मी चुलीशी होते. म्हणाला, "वयनी, माझो डबो काढा. पिवळो ठिपको मारा त्येका, वखारीत धाडा."

आता बघा — तेव्हाच मला थांबता आलं असतं. डबा त्याला द्यायचा, नवऱ्याला निरोप धाडायचा की कॅन्टीनचंच खा. कोणाला काही कळलं नसतं. मी काय केलं? म्हटलं, भावजी, तुमच्या डब्याचं बूड गळतंय, डाग द्यायला दिलाय. तो म्हणाला, बरं, मग भाकरी फडक्यात बांधून नेतो. आणि न्यायला लागला. दर सकाळी माझ्याच हातून भाकरी आणि ठेचा घ्यायचा, आणि त्याचाच डबा माझ्या पाठीमागे भरून तयार असायचा. मधूनमधून विचारायचा, "झालो काय डबो?" मी म्हणायचे, उद्या.

अजून सांगितलं नाही मी. इथपर्यंतचं तर माझ्या नवऱ्यालाही माहीत होतं.

गेटावरच्या कोणीतरी एक दिवस झाकणं नीट बघितली. माड? आमच्या गावचा पहारेकरी तर एकही नाही. आणि स. त्यांनी डबा अडवला नाही, जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग संध्याकाळी पंगत बसायच्या आधी आमच्या गावची माणसं खानावळीत आली. तो डबा आतून परत येऊन घासायला पडला होता, त्यांनी तो उचलून सखारामच्या पुढ्यात ठेवला.

तो नुकताच वखारीतून आला होता, केसांत भुसा होता. आधी तो हसला. त्याला वाटलं, दुरुस्त होऊन आला.

मग त्याला कळलं काय चाललंय. म्हणाला, "मी गेटाक पाय लावूक नाय. मी रे रोडाक जातंय." कोणीतरी म्हणालं, रे रोडला जातोस तर डब्यावर पिवळा का नाही? निळा कसा? गोदाबायच्या नियमात तो प्रश्न बरोबर होता. काम बदललं की ठिपका बदलायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. सखाराम म्हणाला, "मी वयनीक सांगितलेलंय. इचारा तेंका." आणि माझ्याकडे वळून, "वयनी, तुमी तरी सांगा."

गोदाबायने हाक मारली, "शेवंती, हय ये. तू तपासतंस मा डबे? मग सांग. डबो कोणाचो? आणि ह्येणा तुका पिवळो मारूक सांगितल्यान काय?"

मी पदराला हात पुसले. सगळी माझ्याकडे बघत होती. माझ्या हातून डबा चुकत नाही, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "डबा सखाराम भावजींचाच आहे. ठिपका बदलायला मला कोणी सांगितलं नाही."

हेच ते.

पहिलं वाक्य खरं होतं, बघा. डबा त्याचाच होता. ते खरं वाक्य पुढे ठेवून मी मागचं खोटं सोडून दिलं. आवाज हलला नाही.  मला बोलताना काही झालं का, म्हणून मी पुष्कळ वेळा आठवून बघितलंय. काही झालं नाही. फक्त चुलीवर भात होता आणि तो करपेल असं वाटत होतं.

आणि त्या डब्यात काय होतं ते कोणी बघितलं नाही. तळाशी पिठी वाळून चिकटली होती, तपकिरी, मिरचीचा एक तुकडा नाही. ठेच्याशिवाय घास न गिळणारा माणूस कुळथाची फिक्की पिठी खाईल? नुसतं झाकण उघडलं असतं तरी गोदाबायला कळलं असतं. रोज शिव्या घालत होती ना त्याला? पण खुणा नियमात होत्या, तपासणारी सांगत होती, मग उघडून बघायचं कशाला? माझं काम मी इतकी वर्षं चोख केलं होतं, ते त्या संध्याकाळी माझ्या उपयोगी पडलं.

कोणी त्याला फारसं मारलं नाही. एकाने कानाखाली वाजवली, गोदाबायने आवरलं. त्याची ट्रंक आणि वळकटी खोलीतून आणून जिन्यात ठेवली. गावकऱ्यांच्या खोलीतून काढला म्हणजे माणूस मुंबईतून काढल्यासारखाच होता. तो निघाला तेव्हा मी दारातच होते, उष्टी काढत. म्हणाला, "डबो ऱ्हवांदे हयच. माका नको."

मला वाटलं शिवी देईल. दिली नाही. त्याला तेव्हाच कळलं होतं का? मला माहीत नाही. डबा डाग द्यायला दिला म्हणून मी सांगितलेलं, हे तो तिथे बोलला का नाही? बोलला असता तर मी तेही नाही म्हटलं असतं. कदाचित त्याने ते माझ्या तोंडावर वाचलं.

तो गावाला गेला. त्याच्याआधी बातमी गेली होती. गावाने त्याला वाळीत टाकला. गणपतीत त्याच्या घरी आरतीला कोणी जाईना. जत्रेत नारळ द्यायचा त्याच्या घराचा मान होता, तो दुसऱ्या घराला दिला. मुलगे मोठे होऊन कुठे बाहेर गेले ते आलेच नाहीत. हे मला गावाहून येणाऱ्या बायका सांगायच्या, मी "अरे देवा" म्हणायचे आणि पुढचं विचारायचे नाही.

संप कसा संपला ते कोणाला नेमकं सांगता येत नाही. नवरा "माहेराहून" परत आला. गिरणी थोडी चालू झाली तेव्हा त्याला घेतला — मी धरलेला हिशेब बरोबर निघाला. काही वर्षं पगार आला, आम्ही तो खाल्ला, मग गिरणीच बंद पडली. सखारामचं काय झालं ते मी त्याला सांगितलं. ठिपक्याबद्दल मी सगळ्यांसमोर काय बोलले ते नाही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, आता बोलून काय होणार? त्याचं उत्तर मला हवं होतं तेच होतं.

एकदा आम्ही जत्रेला गेलो. देवळाच्या खालच्या अंगाला, लोकांपासून बाजूला, सखाराम उभा होता. वाळला होता. मी एकटीच होते, नवरा वर रांगेत. तिथे बोलता आलं असतं. माणसं होती, मानाचे गावकर होते, देव होता. तोच म्हणाला, "बऱ्या आसात मा, वयनी?"

"बरी," म्हटलं आणि वर चढले.

पुढच्या जत्रेला तो नव्हता. त्याच्या बायकोने लोकांना न बोलावता त्याचं क्रियाकर्म उरकलं, असं ऐकलं. न बोलावता म्हणजे काय — बोलावलं असतं तरी कोण गेलं असतं?

माझा नवरा गेला तेव्हा गावच्या मंडळाने लालबागला शोकसभा घेतली. एक जण बोलला की संपात शेवटपर्यंत गिरणीची पायरी न चढलेला माणूस गेला. लोकांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर मंडळाने दिलेली शाल. तीही शाल मी घरी आणली. अजून आहे.

आता तन्वीचं सांगते आणि थांबते.

मध्यंतरी तिच्या ऑफिसात घोळ झाला. बिल्ड फुटला, गिऱ्हाईक ओरडलं. खराब तुकड्याच्या फाइलीवर नाव होतं ते फरीदा नावाच्या मुलीच्या टीमचं. सकाळी मीटिंग लागली. मी खाली बसून लसूण सोलत होते. हिंदी-इंग्रजीत चाललं होतं, पण सूर कुठेही कळतो. ती फरीदा म्हणत होती की हे माझं नाही, आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं. मग साहेबाने तन्वीला विचारलं, नाम सही था की नहीं? तपासणी तिची होती. हो म्हटलं की सुटली असती. नाव बरोबरच होतं.

तन्वी म्हणाली, "नाम सही है सर. पर अंदर क्या है, मैंने देखा नहीं. थोडा रुको, खोलके देखती हूँ."

साहेब वैतागला. म्हणाला, हिरवा आला होता ना, मग आता काय बघायचं? ती म्हणाली, हिरवा मीच दिलाय सर, म्हणून मीच बघते. आणि तिने उघडलं. सगळे थांबले. मीही सोलायचं थांबले. थोड्या वेळाने ती म्हणाली की आतलं काम फरीदाच्या टीमचं नाहीच, दुसऱ्याच कोणाचं आहे, घाईत ह्यांच्या नावाखाली घातलंय. संपलं. तिने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "आजी, भूक लागली. काय केलंयस?"

एवढंच होतं ते. उघडून बघायचं. ते करायला तिला काही लागलं नाही — ना धीर, ना मोठेपणा. आपण काही केलं हे तिला कळलंसुद्धा नाही. जेवताना ती भलतंच काहीतरी बोलत होती.

मी तिला वाढलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गं, बोटाला लागलं का?"

"नाही," म्हटलं.

गोदाबायची खानावळ मोडली तेव्हा तिने राहिलेली भांडी आम्हा बायकांत वाटली. माडाची खूण बघून तो डबा तिने मला दिला. "तुझ्या गावचो मा? घे," म्हणाली. मी त्यात आमसुलं ठेवते. घरात रोज कोणीतरी तो उघडतं. मुलाने विचारलं होतं, स कोणाचा? गावच्या एकाचा, म्हटलं होतं.

सखाराम भावजींनी मला पिवळा ठिपका मारायला सांगितला होता. चुलीपाशी समोर उभं राहून, स्पष्ट सांगितला होता. डबा त्यांचा होता. आतलं जेवण माझ्या नवऱ्याचं होतं. भरला मी.